वाचकांचे प्रश्न : सॅकमध्ये नेमकं किती वजन?

प्रश्न : डिसेंबरात राजगड–तोरणा–रायगड असा चार दिवसांचा ट्रेक करायचा आहे. माझं वजन 62 किलो. सॅक काट्याला टांगली तर 17.5 किलो भरली. तंबू 2.8, शेगडी-गॅस-भांडी 1.2, पाणी 5, खाणं 3 आणि रिकाम्या सॅकसह बाकी सगळं 5.5. हे झेपेल का? काय काढू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सपाटीला झेपेल, घसाऱ्यावर (सुट्या माती-दगडांच्या निसरड्या उतारावर) नाही. हे ओझं तुमच्या वजनाच्या 28 टक्के होतं. साधारणपणे 20 टक्क्यांची मर्यादा सांगतात. सह्याद्रीतल्या उभ्या चढ-उतारांसाठी आम्ही 16 ते 18 टक्केच धरू, म्हणजे तुम्हाला 10 ते 11 किलो.

त्या 5.5 किलोंना हात लावू नका. वजन घटवायचं म्हटलं की बरेच जण आधी औषधं, विजेरी आणि स्वेटर काढतात. सगळं मिळून किलोभर वाचतं, आणि अडीअडचणीला नेमकं तेच लागतं.

ओझं ठरतं ते मुक्कामावर. गडावर राहण्याचे नियम बदलत असतात, म्हणून मुक्काम गुंजवणे, वेल्हे, मोहरी अशा गावांत धरा. आधी कळवलं की राहण्या-जेवणाची घरगुती सोय होते. तंबू आणि शेगडी घरी राहिली की 4 किलो तिथेच गेले. मग सोबत फक्त दिवसाचं खाणं लागतं : दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की. माणशी रोज 350 ते 400 ग्रॅम, चार दिवसांचं दीड किलो.

पाण्याचा हिशेब मात्र रोज नव्याने करा, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या डोंगरधारेवर पाण्याचा भरवसा नाही. त्या दिवशी पूर्ण 3 लिटर घ्या आणि निघण्याआधी अर्धा लिटर पिऊन घ्या. वाटेत गाव असेल त्या दिवशी 2 लिटर पुरतात. उद्या लागेल म्हणून आजच भरलेलं पाणी दिवसभर नुसतं वाहावं लागतं.

आता बेरीज : 5.5 + 1.5 + 3 = 10 किलो.

वजन योग्य असूनही सॅक चुकीची भरली तर त्रास होतोच. स्लीपिंग बॅग तळाला. खाणं आणि पाणी पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांपासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात. हलके कपडे बाहेरच्या बाजूला. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की सॅक मागे ओढते, तुम्ही पुढे वाकता. बुधल्याखालच्या शिडीवर ती ओढ धोक्याची. मोहरीनंतर नाळ (दोन डोंगरांमधली उभी, दगडधोंड्यांची घळ) उतरताना उलटं होतं : सैल सॅक पुढे ढकलते आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. आधी कंबरपट्टा कटीच्या हाडांवर आवळा, मग खांद्याचे पट्टे ओढा. उलट क्रमाने बांधलं तर खांदे दुखणारच.

ट्रेकच्या दोन आठवडे आधी पूर्ण भरलेली सॅक घेऊन आतकरवाडीतून सिंहगड चढा आणि पायीच उतरा. उतरताना गुडघा बोलला तर आणखी किलोभर कमी करा.

प्रश्न : माझी रिकामी सॅकच 2.3 किलोची आहे. 900 ग्रॅमची घेऊ का?
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : एवढ्या हलक्या सॅकला बहुधा पाठीची चौकट नसते, त्यामुळे भार कमरेवर न जाता खांद्यांवरच राहतो. एकूण ओझं 8-9 किलोंच्या आत असेल तरच घ्या. त्याहून जास्त असेल तर चौकट आणि जाड कंबरपट्टा असलेली, दीड किलोच्या आसपासची बघा. दुकानात 10 किलो भरून दहा मिनिटं चालून पाहिल्याशिवाय घेऊ नका.