एक वाफा भरेपर्यंत तेरा पानं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शहाद्याकडच्या शाळेत शिकवता. लग्नाआधी महिन्याला तीन-चार पुस्तकं सहज व्हायची, आता वर्षात दोनही होत नाहीत. सकाळी डबे, दिवसभर शाळा, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, सासूबाईंचं औषधपाणी आणि रात्री पुस्तकाऐवजी हातात मोबाइल. उशाशी एक कादंबरी दोन वर्षांपासून पडून आहे, पान 62 वर एसटीचं तिकीट ठेवलेलं. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय, 'नुसतं स्वतःला बरं वाटावं म्हणून वाचायला बसलं की चोरी केल्यासारखं वाटतं.' खरं दुखणं त्या वाक्यात आहे असं मला वाटतं. पण आधी वेळेचं बोलू.

पहाटे पाचला उठा, असं तुम्हाला कुणीही सांगेल. मी सांगणार नाही. जी बाई आधीच साडेपाचला उठून कणीक मळते, तिची अर्धा तास झोप कमी करून तिच्या हातात पुस्तक द्यायचं, ह्यात कसला आलाय आनंद?

माझं सांगतो. अमळनेरला घर, जळगावला नोकरी, सव्वीस वर्षं रेल्वेने अपडाऊन. वर थोडी कोरडवाहू आणि विहिरीवरची थोडी बागायत. ऑफिस, गाडी आणि शेत ह्यातून वेळ 'काढायचा' मीही बराच प्रयत्न केला, पण तो कधी निघाला नाही. रविवारी वाचू म्हटलं की रविवारी लग्न निघायचं. सुट्टीत वाचू म्हटलं की पाहुणे यायचे. मग एका रब्बीत गव्हाला पाणी भरताना मला ही गोष्ट सापडली.

आमच्याकडे शेतीपंपाची लाईट आठवड्याच्या पाळीने दिवसा नाहीतर रात्री. जानेवारीत रात्रपाळी आली की पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांची, शेकोटी पेटवून बांधावर बसायचं. एका वाफ्यात पाणी सोडलं की तो भरायला आमच्या विहिरीच्या पाण्याला वीसेक मिनिटं लागायची. भरला की उठायचं, फावड्याने तोंड बुजवायचं, पुढच्या वाफ्याचं तोंड फोडायचं, परत येऊन बसायचं. त्या वीस मिनिटांत माणूस करणार काय? मी डोक्याला बांधायची बॅटरी घेतली आणि पुस्तक उघडलं. उजेडावर किडे यायचे, बोटं गारठायची, पान उलटायला हातमोजा काढावा लागायचा. पण वाफ्यागणिक तेरा-चौदा पानं व्हायची. घरी पंख्याखाली गादीवर तासभर बसूनही तेवढी होत नव्हती.

एकदा इतका रंगलो की बांध फुटून पाणी शेजारच्याच्या हरभऱ्यात गेलं. तो कंदील घेऊन आला, पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जिभाऊ, पानी भरी राहिनात का पुस्तक वाची राहिनात?" गावात पुढे दोन वर्षं मला हेच ऐकायला मिळालं. शेजाऱ्याचा हरभरा मात्र वाचला, देवाची कृपा.

मी नंतर घड्याळ लावून मोजलं. साध्या मराठी कादंबरीच्या एका पानाला मला दीड मिनिट लागतं. म्हणजे 20 मिनिटांत 13 पानं. वर्षाचे 65 दिवस लग्न-मर्तिक, आजारपण आणि दिवाळी-आखाजीला (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया) सोडून द्या, उरले 300. त्यात 3900 पानं होतात, म्हणजे 200 पानी पुस्तकं एकोणीस-वीस. तुमचा वेग कमी असेल तर बारा धरा. दोनच्या जागी बारा, तेही कुणाची झोप न मोडता.

आता हा वाफा तुमच्या दिवसात कुठे आहे ते तुम्हालाच शोधावं लागेल. तो असतोच. भाताला कुकर लावल्यावर, मुलगा ट्यूशनमधून सुटेपर्यंत फाटकाशी उभं असताना, एसटीची वाट बघताना. फक्त रोज तोच पाहिजे, आज हा उद्या तो असं नको.

हे मी काही नवीन सांगत नाही, आपल्याकडे पोथी लावतात तसंच आहे. लहानपणी आमच्या गल्लीत श्रावणात नवनाथांची पोथी लागायची. अध्याय 40, त्यामुळे महिन्यात बसवायला काही दिवशी दोन दोन वाचावे लागत. रात्रीची जेवणं झाली की ओट्यावर सतरंजी, चौरंग, समई. एक जण ओवी वाचायचा, दुसरा अहिराणीत अर्थ सांगायचा. पाऊस असो, गाय व्यायलेली असो, पोथीची वेळ झाली की पोथी उघडायचीच. वाचणारा आजारी पडला तर दुसरा बसायचा. कुणालाही 'आज वेळ आहे का' असं विचारायचा प्रश्नच नव्हता. 'पोथी लावली' ह्या शब्दातच सगळं आलं. झाड लावतो, शिस्त लावतो, तसं ते लावायचं असतं, एकदा लावलं की रोज नव्याने ठरवावं लागत नाही.

ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या धुळ्यातलं. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. 21 फेब्रुवारीला सुरुवात, 19 जूनला शेवट. मोजून बघा, बरोबर अठरा रविवार आणि गीतेचे अध्यायही अठरा. बोललेलं उतरवून घ्यायला साने गुरुजी होते, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्या हातात आली. आमच्या अमळनेरला गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर होते, त्यामुळे हे सांगताना माझी छाती जरा फुगते, समजून घ्या. तुरुंगात वेळच वेळ, असं वाटेल. पण रिकामा वेळ मिळालेली माणसं काय करतात ते मी निवृत्त झाल्यापासून आरशात रोज बघतो. मला आता दिवसभर वेळ आहे आणि तरीही जी वेळ लावलेली आहे तेवढ्यातच वाचन होतं. बाकीच्या वेळात मी मोबाइलवर कापसाचे भाव बघतो, आणि माझ्याकडे सध्या कापूस नाही.

मोबाइलचं एवढंच करा की तो रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि झोपायच्या खोलीत आणू नका. गजराला साधं स्वस्तातलं घड्याळ मिळतं.

पोथीचा एक नियम मात्र पुस्तकाला लावू नका. पोथी लावली की संपवावीच लागते, मधेच सोडली तर दोष. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात पुस्तकाबद्दलही तीच भीती असते. पैसे देऊन घेतलंय, सगळे चांगलं म्हणतात, अर्धवट कसं सोडायचं? मग ते पुस्तक पुढे सरकत नाही आणि त्याच्यामुळे दुसरंही हातात येत नाही. बैल बसलेला असला की मागच्या सगळ्या गाड्या थांबतात. मला पन्नास पानांत एखादं पुस्तक आवडलं नाही तर मी आता सरळ परत करतो. काही वर्षांनी त्याच पुस्तकाने पुन्हा धरलं, असंही झालंय.

आणि आकडा ठरवू नका. मी एका वर्षी पन्नास पुस्तकांचा संकल्प केला होता. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर पुस्तकाला एक गोल करायचो. एप्रिलनंतर माझ्या लक्षात आलं की वाचनालयात गेलो की मी पुस्तकाची जाडी बघून निवडतोय. दीडशे पानांच्या वरचं हातात घेतलं की मनात हिशेब सुरू. कवितासंग्रह तर मी तसे वाचले जसा मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री इतिहास वाचतो. वर्षाअखेर एक्केचाळीस गोल झाले. त्यातली आज मला सहा पुस्तकं आठवतात, तीही धड नाही.

घेण्याबद्दलही थोडं सांगतो. फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला 97 वं साहित्य संमेलन भरलं. घरच्या अंगणात ग्रंथप्रदर्शन, मग काय, मी अकरा पुस्तकं उचलली. बायको म्हणाली, कपाटात आधीची कुठे मावतात? त्यातली अजून पाच कोरी आहेत. वाचनालयातून आणलेलं मात्र वाचून होतं, कारण ते परत द्यायचं असतं. वर्गणीही फार नसते. जळगावला नोकरीत असताना व. वा. (वल्लभदास वालजी) वाचनालयाचा मला मोठा आधार होता. तुमच्या जवळ जे असेल तिथे नाव घाला. एक सावधगिरी: काही वाचनालयांत आता अभ्यासिका गजबजलेली असते आणि कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाला कुलूप. मी एका ठिकाणी किल्ली मागितली तर तिथल्या माणसाने विचारलं, "कशाची तयारी करताय काका?" मी म्हटलं, कसलीच नाही. त्याला ते काही केल्या पटेना. शेवटी किल्ली दिली, पण माझ्यासोबत कपाटापर्यंत आला.

इथे तुमचं शेवटचं वाक्य येतं. गाडीत माझ्याभोवती रमीचे दोन डाव चालायचे, एका कोपऱ्यात भजन, आणि धरणगाव यायच्या आत निम्मा डबा झोपलेला. पत्ते खेळणाऱ्याला कुणी कधी विचारलं नाही की ह्यातून काय मिळतं. मला मात्र महिन्यातून एकदा तरी विचारायचे, "साहेब, डिपार्टमेंटची परीक्षा आहे का?" आपल्या भागात पुस्तक हे काहीतरी होण्यासाठी असतं. तलाठी होण्यासाठी, पीएसआय होण्यासाठी. त्यात चूक काही नाही, पुस्तकानेच आमच्या पिढीला शेतातून ऑफिसात नेलं. पण त्यामुळे नुसतं आवडतं म्हणून वाचणारा माणूस, त्यातही सून, रिकामटेकडा वाटतो. तुम्ही तर शिक्षिका. मुलांना 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला 'वाचा, वाचा' म्हणायचं आणि घरी स्वतः वाचताना दार लोटून घ्यायचं, हे विचित्रच की.

ह्यावर माझ्याकडे शहाणपणाचं उत्तर नाही. घरात एकदा जे घडलं ते सांगतो.

होळी झाली की आमच्याकडे बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, धांदल. भिजवून भरडलेल्या ज्वारीचा घाटा पहाटे चुलीवर रटरटत असतो, गल्लीतल्या बाया ओल्या फडक्यावर पातळ बिबडे थापतात आणि आम्ही पुरुष ते उचलून खाटेवर वाळत घालतो. एका वर्षी माझा पाय मुरगळलेला, त्यामुळे मी खुर्चीत. हातात पुस्तक होतं. काकू म्हणाली, नुसता बसलाय तर मोठ्याने तरी वाच. मी वाचायला लागलो, एका शेतकरी बाईची गोष्ट होती. पहिली दहा मिनिटं माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, घाट्यात मीठ कमी की जास्त ह्यावर वाद चाललेला. मग हळूहळू बोलणं थांबलं. मी पाणी प्यायला थांबलो तर काकूने हात तसाच फडक्यावर ठेवून विचारलं, "मंग काय व्हयनं?" त्या दिवशी घाटा संपला तरी बाया उठेनात. दुसऱ्या दिवशी बिबडे शेजारणीच्या घरी होते, आणि मला खुर्चीसकट तिकडे नेलं.

ह्या काकूला सहीपुरतं लिहिता येत होतं. आणि आपल्या बहिणाबाईंना तर तेवढंही येत नव्हतं. आसोद्याची ती बाई घरात-शेतात राबता राबता ओव्या रचत राहिली. मुलगा सोपानदेवांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरींनी त्या लिहून ठेवल्या आणि पुस्तक आलं 1952 साली, ती गेल्याच्या पुढच्या वर्षी. कामाच्या मधोमध शब्दांचा आनंद घेणं म्हणजे चोरी, असं आपल्या खान्देशात तरी कुणी म्हणू नये.

म्हणून माझं ऐकाल तर दार लोटू नका. सासूबाईंना गोळ्या देऊन झाल्या की त्यांच्याच खाटेशी बसा आणि 20 मिनिटं मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचताना वेग निम्मा होतो, होऊ द्या. पहिल्या आठवड्यात त्या 'काय हे' म्हणतील, कदाचित झोपतील. त्या झोपल्या तर उरलेली पानं तुमची एकटीची. जागल्या तर मधेच थांबून बघा एकदा, विचारतात का. आणि नाहीच जमलं तर कुकरच्या शिट्ट्या आहेतच.

पान 62 वरची ती कादंबरी मात्र उद्याच कुणाला तरी देऊन टाका. तिकीट काढून ठेवा, नव्या पुस्तकात लागेल.