नाताळात मी पाळणे ऐकतो

प्रश्न: नाताळच्या दिवसांत तुम्ही कोणतं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि समूहगायन ऐकता? मॉलमध्ये वाजतात त्या गाण्यांपलीकडचं काही सुचवा. मला नोटेशन वगैरे कळत नाही.

नोटेशन कळत नसलं तरी काही अडत नाही. रामनवमीला दुपारी बाराच्या ठोक्याला देवळात उभं राहून पाळणा ऐकला असेल, सुंठवडा हातावर घेतला असेल, तर नाताळच्या संगीताचा गाभा तुमच्या कानांना आधीच ओळखीचा आहे. बाळ जन्माला आलंय, जमलेली माणसं झोका देतायत आणि गातायत. मला नाताळात जे ऐकावंसं वाटतं, ते जवळपास सगळं या एका प्रसंगाभोवती फिरतं.

माझं लहानपण गिरगावातलं. खोताच्या वाडीत एक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, आंटी राहायच्या, माझ्या आईशी तासन् तास मराठीत गप्पा मारायच्या. डिसेंबर लागला की त्यांच्या ओट्यावर क्वायरची, म्हणजे समूहगायकांच्या गटाची, तालीम भरायची आणि मी पायरीवर बसून ऐकायचो. तालीम संपली की कलकल, म्हणजे नाताळचा तळलेला गोड खाऊ, मिळायचे, हेही कारण होतंच. एकदा पोरं ‘सायलेंट नाइट’ अगदी बेंबीच्या देठापासून गात होती. आंटींनी हात वर करून थांबवलं. “बाळ निजलंय ना रे? मग ओरडता कशाला?” पुन्हा सुरुवात झाली ती इतक्या हलक्या आवाजात, की पलीकडच्या घरातली भांडी ऐकू येत होती. पुढे मी एका हौशी क्वायरमध्ये वीसेक वर्षं टेनर, म्हणजे पुरुषांचा वरच्या पट्टीतला आवाज, गायलो, मोठमोठ्या रचना गायल्या. पण हे संगीत मला समजलं ते त्या संध्याकाळी.

म्हणून ‘सायलेंट नाइट’पासूनच सुरुवात करा. ते इतकं वाजवलं जातं की नीट कुणी ऐकतच नाही. मूळ गाणं जर्मन, ‘श्टिले नाख्ट’. ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावात २४ डिसेंबर १८१८ रोजी ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योझेफ मोर या तरुण पाद्रीबाबांचे, चाल फ्रान्झ ग्रूबर या मास्तरांची, आणि साथीला फक्त गिटार. ठेका सहा मात्रांचा, आपल्या दादऱ्यासारखा झुलणारा. मोठा ऑर्केस्ट्रा नसलेलं, दोन-चार आवाज आणि गिटार एवढंच असलेलं एखादं जर्मन ध्वनिमुद्रण शोधा.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या रचनेकडे येतो: जर्मन संगीतकार बाखचा ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’, म्हणजे गायक-वादकांनी सांगितलेली नाताळची कथा. नावावरून एक अवाढव्य रचना वाटते. खरं तर त्या सहा स्वतंत्र कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या छोट्या रचना, आहेत, आणि बाखने त्या एका बैठकीत सादर केल्या नव्हत्या. लाइपझिगमध्ये १७३४ च्या नाताळात २५, २६ आणि २७ डिसेंबरला पहिल्या तीन झाल्या, मग १, २ आणि ६ जानेवारी १७३५ ला उरलेल्या तीन. आपल्याकडे सप्ताहात रोज एक कीर्तन असतं तसं. मीही तसंच ऐकतो, त्या त्या तारखेला एक भाग. अर्ध्या तासाच्या आतबाहेर संपतो. सलग अडीच तास ऐकायला बसलात तर तिसऱ्या भागापर्यंत कान थकतील, आणि दोष बाखचा नसेल.

पहिला भाग उघडतो तो नगाऱ्याने. टिंपनीचे नुसते ठोके, मग बासऱ्या, मग तुताऱ्या. यामागची गोष्ट छान आहे. ही चाल बाखने आदल्या वर्षी, १७३३ मध्ये, सॅक्सनीच्या राजघराण्यातल्या मारिया योझेफा हिच्या वाढदिवसासाठी बांधली होती आणि तिथले शब्दच होते, ‘नगाऱ्यांनो, वाजा; तुताऱ्यांनो, गर्जा’. नाताळसाठी शब्द बदलले, नगारे तिथेच राहिले.

पण मी वाट पाहतो दुसऱ्या भागाची, म्हणजे २६ तारखेची. सुरुवातीला गाणं नाहीच, नुसतं वाद्यसंगीत. एका बाजूला बासऱ्या आणि व्हायोलिन, दुसऱ्या बाजूला चार ओबो, सनईच्या कुळातले, जरा नाकातून बोलणारे. वरून देवदूत काही सांगतायत आणि खाली रानात शेकोटीजवळचे मेंढपाळ त्यांच्या गावठी सुरांत उत्तर देतायत, असं मला दर वेळी दिसतं. मग त्याच भागात पुढे येतो तो पाळणा: ‘श्लाफे, माइन लीब्स्टर’, झोप रे माझ्या लाडक्या. ‘झोप’ या शब्दावरचा पहिला सूर गायिका इतका लांब धरते की आपलाच श्वास मंदावतो. हीसुद्धा मुळात दुसरीकडची चाल. हर्क्युलिसवरच्या एका कँटाटात विलासाची देवता तरुण हर्क्युलिसला मोहात पाडायला ती गाते. तिथे ती सोप्रानोला, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाला, होती. बाळासाठी वापरताना बाखने ती ऑल्टोला, म्हणजे त्याखालच्या आवाजाला, दिली आणि पट्टीही खाली आणली. या एका बदलाने मोहिनीचा आवाज आईचा झाला. मी दोन्ही लागोपाठ ऐकून पाहिले आहेत, तुम्हीही पाहा. ध्वनिमुद्रण कोणतं असं विचाराल तर संगीत-संचालक जॉन एलियट गार्डिनर यांनी डिसेंबर १९९९ मध्ये वायमारच्या चर्चमध्ये केलेला कार्यक्रम चित्रित झाला आहे, तो बघा. वाद्यं दिसली की नवख्याला फार सोपं जातं.

ते मेंढपाळ इटलीतल्या संगीतात आणखी जवळून भेटतात. आपल्याकडे पहाटे वासुदेव दारावर यायचा, तसे नाताळच्या सुमारास डोंगरातले मेंढपाळ सनई आणि पिशवीची बॅगपाइप घेऊन रोममध्ये उतरायचे आणि मेरीच्या मूर्तीपुढे वाजवायचे. खाली एक अखंड आधारसूर, तानपुऱ्यासारखा, आणि वर झुलती धून. इटालियन संगीतकार कोरेल्लीने हेच आपल्या ‘ख्रिसमस कॉन्चेर्टो’ या वाद्यवृंदाच्या रचनेच्या शेवटी घातलं. त्याच्या मृत्यूनंतर १७१४ मध्ये छापल्या गेलेल्या बारा कॉन्चेर्टोंतला हा आठवा, ‘नाताळच्या रात्रीसाठी रचलेला’ अशी नोंद असलेला. जेमतेम पंधरा मिनिटांचा. सगळ्या उत्तरातलं एकच काहीतरी आज रात्री ऐकणार असाल तर हे ऐका. खालचा आधारसूर सुरू झाला की आपल्या मराठी कानाला घरी आल्यासारखं वाटतं.

हँडेल या संगीतकाराने तरुणपणी रोममध्ये राहून हे ऐकलं होतं आणि ‘मसाया’ या आपल्या ऑरेटोरिओमध्ये मेंढपाळांच्या प्रसंगाआधी तशीच एक छोटी धून ठेवली. ‘मसाया’ त्याने १७४१ मध्ये २४ दिवसांत लिहिला. पहिला प्रयोग डब्लिनमध्ये १३ एप्रिल १७४२ ला झाला, म्हणजे नाताळात नव्हेच. जन्माची कथा फक्त पहिल्या भागात आहे. सगळ्यांना ठाऊक असलेला ‘हालेलूया’ कोरस दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो, त्याचा गोठ्यातल्या बाळाशी थेट संबंध नाही. तेव्हा पहिला भाग ऐका, आणि त्यातला ‘फॉर अंटू अस अ चाइल्ड इज बॉर्न’ दोनदा ऐका. ‘बॉर्न’ या एका शब्दावर प्रत्येक आवाजाला आळीपाळीने लांबच लांब तान आहे. टेनरची पाळी येते तेव्हा छाती भरून श्वास घ्यावा लागतो आणि तरीही तान हलकी ठेवावी लागते, दुडदुडत्या पावलांसारखी. आम्हाला ती जमायला तीन डिसेंबर लागले.

सगळे पाळणे आनंदाचे नसतात, आणि याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय. ‘कॉव्हेंट्री कॅरल’ (कॅरल म्हणजे नाताळचं गाणं) नावाचा एक फार जुना इंग्रजी पाळणा आहे. शब्द १५३४ च्या सुमाराला लिहून ठेवलेले मिळतात, चाल १५९१ ची. कॉव्हेंट्री शहरातले शिंपी आणि कापड कातरणारे कारागीर मिळून दर वर्षी एक धार्मिक नाटक करायचे, त्यातलं हे गाणं. हेरोद राजाने बेथलेहेममधली तान्ही मुलं मारायचा हुकूम काढलाय, शिपाई निघालेत आणि आया आपापल्या बाळांना निजवतायत: ‘लुली, लुला’, आपलं ‘जो जो’च. कंसाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. चाल मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराची, पण कडव्याच्या अगदी शेवटच्या सुरावटीत गंधार शुद्ध होतो. भरल्या डोळ्यांनी आई बाळाकडे बघून हसावी तसं. पहिल्यांदा गाताना त्या जागी माझा आवाज फुटला होता. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बफेकीत कॉव्हेंट्रीचं कॅथीड्रल उद्ध्वस्त झालं आणि त्याच नाताळात त्या पडक्या भिंतींमधून बीबीसीवर हे गाणं प्रसारित झालं. साथ नसलेलं, नुसत्या आवाजांचं ऐका.

नुसत्या आवाजांचंच आणखी एक, स्पेनच्या व्हिक्टोरिया या संगीतकाराचं ‘ओ माग्नुम मिस्तेरियुम’, १५७२ चं. लॅटिन शब्द एवढंच म्हणतात की केवढं हे गूढ, गव्हाणीत निजलेल्या प्रभूला आधी जनावरांनी पाहिलं. चार आवाज एकामागून एक दबकत आत येतात, अंधाऱ्या गोठ्यात शिरल्यासारखे. याच शब्दांवर अमेरिकेच्या मॉर्टेन लॉरिडसेन यांनी १९९४ मध्ये केलेली रचना आज जगभरच्या क्वायर गातात. सुंदर आहे, पण मला व्हिक्टोरिया जास्त जवळचा. आणि बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचं ‘अ सेरिमनी ऑफ कॅरल्स’ही ऐका: हार्पच्या साथीवर मुलांचे आवाज, १९४२ मध्ये युद्ध चालू असताना अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटीवर लिहिलेलं. त्यातही एक पाळणा आहे. ‘नटक्रॅकर’ मुलांना जरूर दाखवा, पण तो बॅले आहे, माझ्या नाताळात त्याला जागा नाही.

मुंबईत प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर डिसेंबरभर एनसीपीए या कलाकेंद्राच्या कार्यक्रमांवर नजर ठेवा. परंज्योती अकॅडमी कोरस आणि स्टॉप-गॅप्स या आपल्या शहरातल्या जुन्या क्वायर आहेत. नाहीतर २४ च्या रात्री कोणत्याही मोठ्या चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे प्रार्थनाविधीच्या, अर्धा तास आधी जाऊन मागच्या बाकावर बसा, तेव्हा कॅरल्स चालू असतात. कुणी धर्म विचारत नाही, मला तरी कधी विचारला नाही. मराठी चर्चमध्ये गेलात तर रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं पेटी-तबल्यावर ऐकायला मिळतील.

मी मात्र २४ ला रात्री साडेआठला घरीच असतो. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधला कॅरल्सचा कार्यक्रम १९१८ पासून दर वर्षी होतो, तिथे दुपारचे तीन वाजलेले असतात आणि बीबीसी तो थेट ऐकवते. पहिल्या कॅरलचं पहिलं कडवं एक मुलगा एकटा गातो, कसलीही साथ नाही. कोण गाणार हे त्या मुलांना अगदी आयत्या वेळी कळतं. तो सूर लावायच्या आधी दोन-तीन क्षण रेडिओवर पूर्ण शांतता असते. मी त्याआधीच उठून पंखा बंद केलेला असतो.