३१ ऑक्टोबरचा हॅलोवीन म्हणजे मुळात केल्टिक लोकांचं (आयर्लंड, वेल्स वगैरे भागांतल्या प्राचीन लोकांचं) नववर्ष होतं का?

तसा ठोस पुरावा नाही. हॅलोवीनशी जोडला जाणारा १ नोव्हेंबरचा ‘साविन’ हा आयर्लंडमधला सण जुना आहे, पण त्याची लेखी माहिती मिळते ती मध्ययुगीन आयरिश ग्रंथांतून, आणि ते लिहिणारे बहुतेक ख्रिस्ती मठातले. ‘केल्टिक नववर्ष’ ही कल्पना १९व्या शतकात जॉन ऱ्हिस या वेल्श अभ्यासकाने पुढे आणली.

मला साविनसारख्या जुन्या आयरिश सणांची गुरांशी असलेली नाळ जास्त मोलाची वाटते. साविनला हिवाळा सुरू व्हायचा, उन्हाळी कुरणांतून जनावरं परत यायची. १ मेच्या बेल्टेनला गुरं दोन आगट्यांमधून हाकत, रोगराई टळावी म्हणून; इ.स. ९००च्या सुमाराच्या एका आयरिश शब्दकोशात तशी नोंद आहे. असेच आणखी दोन सण: इम्बोल्क १ फेब्रुवारीला, लुनासा १ ऑगस्टला.

पुढे १ नोव्हेंबरला चर्चचा सर्व संतांचा दिवस आला; त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोवीन. आयरिश स्थलांतरितांबरोबर त्याच्या प्रथा अमेरिकेत गेल्या. कोरलेल्या सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. आज सांगितलं जाणारं आठ सणांचं ‘वर्षचक्र’ मात्र १९५०च्या दशकात ब्रिटनमधल्या नव-पेगन (ख्रिस्तपूर्व धर्म नव्याने पाळणाऱ्या) मंडळींनी रचलं. इम्बोल्कचा दिवस आता संत ब्रिजिडचा असून २०२३पासून आयर्लंडमध्ये त्यानिमित्त सार्वजनिक सुट्टी असते.