शिडाच्या बोटीला इंजिन घेताय? आधी शाफ्ट मोजा

प्रश्न: माझी १८ फुटी शिडाची बोट आहे, पाण्यातली लांबी १६ फूट, माणसं-सामान धरून वजन ९०० किलोच्या आसपास. जुन्या टू स्ट्रोक इंजिनाने मान टाकलीये. दुकानदार म्हणतो सरळ ९.९ एचपी घ्या, पावर कधी कमी पडणार नाही. मित्र म्हणतो ४ एचपी पुरे. कोणाचं ऐकू?

उत्तर: मित्राचं ऐका. अशी बोट पाणी कापत जाते, स्पीडबोटीसारखी पाण्यावर उचलली जात नाही, म्हणून तिच्या वेगाला लांबीची मर्यादा असते. पाण्यातल्या लांबीचं फुटांत वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. तुमच्या १६ फुटांचे ४ गुणिले १.३४ म्हणजे ५.४ नॉटच्या आत-बाहेर, ताशी साधारण १० किलोमीटर. त्यापुढे कितीही पेट्रोल जाळा, बोटीची मागची बाजू खाली बसते, लाट मोठी होते आणि वेग जवळपास तेवढाच राहतो. अडीचशे किलोला साधारण एक एचपी हा हिशोब बऱ्यापैकी चालतो, म्हणजे तुम्हाला ४ एचपी बसतं. वारा-प्रवाह जोरात असेल तिथे ५ किंवा ६ घ्या, कारण बऱ्याच कंपन्यांचं ४, ५ आणि ६ एचपीचं इंजिन मुळात एकच असतं, वजन पंचवीस-सव्वीस किलो. ९.९ चं वजन चाळीसच्या घरात जातं आणि ते ओझं नेमकं बोटीच्या शेवटच्या टोकाला लटकतं, शीड लावून जाताना बोट मागून ओढल्यासारखी चालते.

आता खरा मुद्दा, ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीये. शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा उभा दांडा! १५ इंची शॉर्ट, २० इंची लाँग, २५ इंची एक्स्ट्रा लाँग. सगळे एचपीवर वाद घालत बसतात आणि दुकानात जो असेल तो शाफ्ट उचलून आणतात. नंतर प्रॉप (पाण्यातला पंखा) बदलता येतो, टाकी बदलता येते, शाफ्ट बदलणं सहसा परवडत नाही. बोट पाण्यात असताना माणसं नेहमीच्या जागी बसवा, ब्रॅकेट (इंजिन अडकवायची मागची चौकट) खाली करा आणि त्याच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत टेप लावा. समजा १२ इंच भरले, तर शॉर्ट शाफ्टची प्रॉपवरची आडवी प्लेट पाण्याखाली जेमतेम ३ इंच जाते. सपाट पाण्यात चालेल. पण कोणीतरी शीड उतरवायला किंवा दोर पकडायला पुढे गेलं की मागची बाजू वर येते, त्यात एक लाट आली की प्रॉप हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही. आणि हे होतं ते नेमकं धक्क्याला लागताना, जेव्हा इंजिनाची सगळ्यात जास्त गरज असते. त्यामुळे तुम्ही कमीत कमी लाँग घ्या, ब्रॅकेट उंच असेल तर एक्स्ट्रा लाँगच.

दुसरं म्हणजे प्रॉप. इंजिनाबरोबर येतो तो बरेचदा हलक्या डिंगीसाठी (छोट्या होडीसाठी) असतो, पिच (एका फेऱ्यात पंखा किती पुढे सरकेल ते अंतर) जास्त. जड बोटीला कमी पिचचा लावा, ६ इंचांच्या आसपास, जोर वाढतो आणि रिव्हर्समध्ये बोट वेळेत थांबते. रिव्हर्स गिअर मात्र हवाच, अडीच एचपीच्या बऱ्याच इंजिनांत तो नसतो, अख्खं इंजिन फिरवून मागे जावं लागतं, गर्दीच्या जागी ते फार त्रासाचं.

फोर स्ट्रोक घेतलंत तर आडवं ठेवताना कोणती बाजू खाली ते इंजिनावर दाखवलेलं असतं ते बघा, चुकीच्या बाजूला झोपवलं की ऑइल सिलिंडरमध्ये शिरतं.

प्रश्न: इलेक्ट्रिक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लटकवायची विजेची मोटर) चालेल का? आमची बोट १५ फुटी, हलकी, इंजिन फक्त धक्क्यावरून निघायला आणि परत यायला लागतं.

उत्तर: तुमच्या कामाला मस्त चालेल. १ किलोवॉटची मोटर आणि सव्वा किलोवॉट-तासाची बॅटरी असेल तर फुल स्पीडला सव्वा तास मिळतो, वेग निम्म्यावर आणलात तर वेळ कितीतरी पट वाढतो कारण पाण्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. वारा पडल्यावर उलट्या प्रवाहात तास-दोन तास इंजिनावर यावं लागत असेल तर मात्र पेट्रोलच घ्या. आणि हो, इलेक्ट्रिकमध्ये पण शॉर्ट-लाँग शाफ्ट असतातच, टेप तिथेही लावा.