लिंड वॉर्ड यांच्या शब्दांविना कादंबऱ्या

प्रश्न : अमेरिकन चित्रकार लिंड वॉर्ड यांनी एकही संवाद न लिहिता कादंबऱ्या रचल्या, असे वाचनात आले. त्यांना कॉमिक्स म्हणावे की नुसता चित्रसंग्रह? आणि वाचायला सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

उत्तर : चित्रसंग्रहातील चित्रे मागेपुढे झाली तरी फारसे बिघडत नाही, वॉर्ड यांच्या पुस्तकातील एक पान इकडचे तिकडे झाले, तर कथाच कोलमडते. म्हणून त्यांना कॉमिक्सच्या घराण्यातच बसवावे लागते, जरी त्यांत चौकटींची रांग नसली आणि संवादांचे फुगेही नसले तरी.

1905 मध्ये शिकागोत जन्मलेले वॉर्ड लग्नानंतर जर्मनीतील लाइपझिग येथे कोरीवकाम शिकायला गेले. तेथे बेल्जियन कलावंत फ्रान्स मासरील यांचे शब्दविरहित पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि पुढची दिशा ठरली. त्यांची पहिली कादंबरी 'गॉड्स मॅन' 1929 च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला त्याच सुमारास बाहेर पडली, आणि मंदी असूनही चांगली खपली. 1937 पर्यंत अशा सहा कादंबऱ्या झाल्या.

हे काम अतिशय चिकाटीचे. लाकडाच्या ठोकळ्यावर जे कोरून काढले जाते ते कागदावर पांढरे राहते आणि उरलेले काळे उमटते. म्हणजे चित्रकार अंधारातून उजेड खोदून काढत असतो, आणि एकदा गेलेली रेघ परत आणता येत नाही. 'वाइल्ड पिल्ग्रिमेज'मध्ये तर नायकाच्या बाहेरच्या जगाची पाने काळ्या शाईत आणि मनातल्या घडामोडींची तांबूस शाईत छापली आहेत, त्यामुळे 'तो विचार करू लागला' हे सांगायला शब्द लागतच नाहीत.

'मॅडमन्स ड्रम' मात्र, आमच्या मते, प्रतीकांच्या गर्दीत दुर्बोध झाली आहे. 'व्हर्टिगो' ही 230 चित्रांची अखेरची कादंबरी सर्वांत प्रगल्भ : मुलीची कथा वर्षांनी, वृद्ध उद्योगपतीची महिन्यांनी आणि मुलाची दिवसांनी मोजली आहे.

त्यानंतर वॉर्ड मुख्यतः इतरांच्या पुस्तकांच्या सजावटीकडे आणि बालसाहित्याकडे वळले. 1953 मध्ये त्यांना अमेरिकेतील मानाचे कॅल्डेकॉट पदक मिळाले. तरी हा प्रकार त्यांनी सोडला नव्हता. 1985 मध्ये ते गेले, तेव्हा आणखी एक शब्दविरहित कादंबरी अपुरी राहिली होती.

सुरुवात 'वाइल्ड पिल्ग्रिमेज'पासून करावी, आणि 'व्हर्टिगो' त्यानंतर सावकाश, शक्यतो दोनदा वाचावी.