पाळणाघरातील इजा : दाद कोठे मागावी?

प्रश्न : पाळणाघरात अंगावर गरम पाणी सांडून माझी तीन वर्षांची मुलगी भाजली. प्रवेशाच्या वेळी ‘इजेस आम्ही जबाबदार नाही’ असे लिहून घेतले होते. भरपाई मागता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : येईल. तशा लेखी अटीने निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही. ही पैसे घेऊन दिलेली सेवा असल्याने २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. मूल आणि त्याच्यासाठी सेवा घेणारे पालक हे दोघेही ग्राहक ठरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एका रुग्णालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. दिवाणी दाव्याचा मार्गही आहे, पण तो बहुधा लांबतो. शुल्काच्या पावत्या, उपचारांचे कागद आणि पाळणाघराशी झालेले मोबाइलवरील संदेश आजच जपून ठेवावेत. तोंडी दिलगिरी पुढे नाकारली जाते.