चौघांनी ठाण्याहून ताडोबाला जायचे तर खर्चाची आखणी कशी करावी?

नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुलांनी ठाण्याहून ताडोबाला जायचे असेल, तर पैसे कशाकशासाठी राखून ठेवावेत आणि खर्च आटोक्यात राहावा म्हणून एकच सफारी घेतली तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: चालणार नाही. एका सफारीसाठी एवढा प्रवास करण्यापेक्षा मुलांना ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीतले रोहित पक्षी दाखवून आणावेत.

हे इतके ठामपणे लिहिते आहे, कारण याच मुद्द्यावर आमच्या घरात मोठा वाद झालेला आहे. माझे धाकटे दीर खारघरला राहतात. पहिल्या खेपेला साऱ्या कुटुंबाची सहल त्यांनी एका प्रवासी कंपनीकडून ठरवली होती. पोहण्याचा तलाव, तिन्ही वेळचे बुफे जेवण आणि ‘सफारीसह’ असा एकच मोघम शब्द, एवढ्यावर पैसे भरून झाले होते. सफारी कोणत्या गेटवरून, कोअरमध्ये (गाभ्याच्या जंगलात) की बफरमध्ये (त्याभोवतीच्या पट्ट्यात) आणि किती वेळा, हे आधी लेखी विचारून घ्यावे असा माझा आग्रह होता. भाऊजींना ती किरकिर वाटली. तिथे पोहोचल्यावर समजले की सफारी एकच आहे, तीही बफरमधली, आणि मधला दिवस मंगळवार असल्यामुळे ताडोबा बंद आहे. त्या दिवशी खोलीचे पूर्ण भाडे भरून आम्ही तलावाच्या काठावर बसून राहिलो. बफरला मी अजिबात कमी लेखत नाही. तिथेही वाघ आहेत आणि परवाना कोअरपेक्षा स्वस्त पडतो. पण कोअरच्या भावात बफर विकणे ही सरळ फसवणूक आहे.

त्या सफारीत गाईडने एका बांबूच्या बेटापाशी जिप्सी (सफारीची उघडी गाडी) थांबवून इंजिन बंद करायला सांगितले. आधी चितळाचा आणि मागोमाग वानराचा, वाघ जवळ असल्याचा इशारा ऐकू आला. समोरची चितळे शेपट्या उभारून एकाच दिशेला टक लावून उभी होती आणि त्यांतली एक मादी पुढचा पाय पुन्हा पुन्हा जमिनीवर आपटत होती. माझ्या मुलीने माझे मनगट इतके घट्ट धरले होते की बांगड्यांचे वळ उठले. वाघ बाहेर आला नाही, वेळ संपत आली तशी गाडी गेटकडे वळवावी लागली, आणि भाऊजी म्हणाले, “पैसे पाण्यात गेले.”

हे म्हणणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. परवान्याने जंगलात काही तास फिरण्याची मुभा मिळते. वाघ दिसण्याची हमी त्यात कोणीच देत नाही. म्हणून ज्यांना वाघ पाहण्याची खरोखर इच्छा आहे, त्यांनी खोलीवरचा खर्च कापून जंगलातले तास वाढवावेत, निदान तीन सफारी घ्याव्यात. भाऊजींचे गणित नेमके उलटे आहे: हॉटेल आधी ठरवायचे आणि उरलेल्या पैशांत जंगल बसवायचे.

पुढच्या वर्षीची आखणी मी केली. जिप्सीत सहा पर्यटक बसतात आणि परवाना, जिप्सीचे भाडे व गाईडचे शुल्क या तिन्ही रकमा अख्ख्या गाडीमागे धरायच्या असतात. गाडीत चौघेच बसले, तर प्रत्येकावर सहा जणांच्या हिशेबापेक्षा दीडपट भार पडतो. म्हणून नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या जोडप्याला आम्ही बरोबर घेतले, शनिवार-रविवारचे चढे दर टाळून आठवड्यातले दिवस धरले आणि ताडोबाच्या गेटालगतच्या मोहर्ली गावात पंखा व गरम पाणी मिळेल अशी साधी, स्वच्छ खोली घेतली. पहाटे अंधारात गेटवर आणि जेवण झाल्यावर पुन्हा जंगलात, असा दिवस जात असताना खोलीत बसायला वेळ कोणाला होता? त्या खेपेला वाघ दिसला की नाही हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यावरून आमच्या वादाचा निकाल लागत नाही.

आता प्रवासाचे. नागपूरला जाणाऱ्या विदर्भ एक्सप्रेस आणि सेवाग्राम एक्सप्रेस ठाण्याला थांबतात आणि आरक्षण 60 दिवस आधी सुरू होते. नागपूरहून मोहर्लीपर्यंतच्या मोटारीचे जाण्यायेण्याचे भाडे लोक हिशेबात धरायला विसरतात, ते आधी ठरवून घ्या. जून 2025 पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत 701 किलोमीटर पूर्ण खुला झाला आहे, त्यामुळे स्वतःची गाडी काढण्याचा मोह होतो. पण दोन्ही बाजूंचे इंधन आणि टोल मांडून पाहिले, तर चौघांना रेल्वेच परवडते. क्रम असा ठेवा की आधी वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून परवाने, मग रेल्वे आणि सर्वांत शेवटी खोली. परवान्यासाठी दिलेले ओळखपत्र प्रत्येकाने मूळ स्वरूपात जवळ ठेवावे. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, तेव्हा फोटो हवे असतील तर कॅमेरा लागेल, आणि मोठ्या लेन्सचे शुल्क वेगळे असते.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर बंद असते, त्यामुळे शाळेच्या सुट्टीचा विचार केला तर बहुतेकांच्या वाट्याला दिवाळी किंवा उन्हाळा येतो. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याची शक्यता वाढते, पण चंद्रपूरकडचे तापमान 45 अंशांच्याही वर जाते. मुले लहान असतील किंवा सासू-सासरे बरोबर येणार असतील, तर साध्या खोलीचा माझा सल्ला मानू नका. वातानुकूलित खोलीचे पैसे द्या आणि दुपारच्या फेऱ्या कमी करून पहाटेच्या वाढवा.